ठराव क्रमांक अकरा

एक मेची सभा तहकूब झाली, शंभर डोकी भरली नाहीत.
तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.
मी पंचायतीचा शिपाई, सतरंजी मीच झाडतो,
असे नियम मला ऐकून ऐकून पाठ झालेत.
पण आठ दिवसांनी सतरंजीच कमी पडली.
बाया समाजमंदिराच्या पायऱ्यांवर बसल्या,
कूलरची हवा फक्त साहेबांपर्यंत.

विषय एकच: गट नंबर एकशे बारा ते एकशे सव्वीस,
नाल्याकाठची काळी,
उन्हाळ्यात जिच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो.
तिथे दगड आधीच आले होते,
चुना फासलेले, गुडघाभर, वर लाल आकडे.
तुरीच्या धसकटांतून तीस फुटी रस्ता,
जैतूबाईच्या विहिरीजवळ बगीचा;
नकाशात बगीच्याला झोपाळाही होता.

आमच्या धुऱ्यावरचा दगड कोणी रंगवत नाही.
तो कुठे आहे
हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं
आणि त्यावरून ते तीन पिढ्या भांडतात.

कंपनीच्या माणसानं थंड पाण्याच्या बाटल्या वाटल्या.
जैतूबाई मडावीनं विचारलं,
"एवढ्या बंगल्याले पानी कोठून आननार?"
"बोअर मारू, आजी."
"किती फूट?"
"सहाशे."
"अन् माही विहीर साठ फुटाची."
त्यानं आणखी एक बाटली पुढे केली.
तिनं ती घेतली, पदराखाली ठेवली,
नातवासाठी असेल.

मग सरपंच उठल्या, बेबीताई डडमल.
"एकशे अठरा माह्या घरचा गट हाये.
ईसार घेतला हाये आमच्या घरच्यानं,
घेतला तवा मले इचारलं नवतं.
वापस करतो. आता लिहा."

ग्रामसेवकांचा पेन थांबला.
"मॅडम, आपली हरकत म्हणजे नुसता अभिप्राय,
अधिकार वरचा आहे."
"अभिप्राय त अभिप्राय.
ठसठशीत लिहा."

हात मी मोजले.
बाजूनं एकशे त्रेचाळीस,
विरोधात एकतीस.
एकतिसात माझा धाकटा शेषराव,
हात पूर्ण वर, कोपर ताठ.
त्याला फाट्यावर टाइल्सचं दुकान टाकायचंय.
त्याचं चुकलं असं मी कुठंच म्हटलं नाही.
त्या रात्री त्यानं माझ्या ताटात ठेचा वाढला
आणि आम्ही दोघंही
फार तिखट आहे एवढंच बोललो.

ठरावाची नक्कल तहसीलला मीच नेली,
एसटी, मग पायी.
बाबूनं न वाचता आवक शिक्का मारला
आणि कागद गठ्ठ्यावर ठेवला.
खालच्या कागदावर दुसऱ्याच गावाचं नाव,
त्याच्या खाली तिसऱ्याचं.
मला वाटायचं
असं काही फक्त आमच्यात झालंय.

उत्तर आलं नाही. नाही म्हणूनही आलं नाही.
दगड उभेच. मृगात लोकांनी
दगड चुकवून तूर पेरली,
डवऱ्याचा बैल सत्तेचाळीसला वळसा घालायला शिकला.
नऊ नंबरला कोणाची तरी शेळी असते.
मार्गशीर्षात तूर छातीला लागली
तेव्हा पिवळ्या फुलांत आकडे बुडून गेले,
आणि पंचायतीसमोरून जाताना
माणसं ठराव विसरल्यासारखी हसू लागली.

तूर कापली की आकडे परत दिसतील.
सव्वीस जानेवारीची सभा त्याच सुमारास येते.
रजिस्टरात माझी सही नाही, शिपायाची लागत नाही.
सतरंजीचा काठ उसवलाय,
शिवायला टाकलीय,
आणि शाळेतून आणखी दोन मागून ठेवल्यात.