सेट चालू आहे

आधी आवाज येतो, गाडी नंतर.
चिकणीच्या बाजूने पहिल्यांदा नुसती खरखर,
तापल्या तव्यावर ओला हात झटकावा तशी,
मग तिच्यातून एकेक शब्द सुटा होतो :
"पिवळा... हाव, पिवळाच."
मी फाटक पाडते, कुलूप घालते,
स्टेशनला नंबर देते
आणि हिरवा कंदील घेऊन उभी राहते.

सेट मला दिलाय तो ऐकायला नाही,
संकटात बोलायला.
सही घेताना साहेबांनी दोनदा सांगितलं.
बदलून मिळणार आहे म्हणतात, कधीपासूनच.
पाठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी,
एरियलचं टोक पोरीनं दात येताना चावलेलं.
पोर आता नववीत आहे.

इंजिनात राजय्या.
शेवटच्या डब्यात नन्नावरे गार्ड
(आता त्यांना मॅनेजर म्हणायचं असतं).
मधे अठ्ठावन डबे कोळसा,
जवळजवळ पाऊण किलोमीटर काळोख.
एकाच गाडीतली दोन माणसं,
एकमेकांचं तोंड वर्ध्याला उतरल्यावर बघतात,
तेही दिसलं तर.

"जेवला का बे?"
"हाव. तू?"
"भरलं वांगं होतं. तिखट झालं. पण गेलं."
"माझ्याकडे नुसता दहीभात."
"इंजिन उलटं लाव मंग, देतो वांगं."
हसणं सेटवर नीट येत नाही,
फाटक्या पोत्यातून ज्वारी सांडल्यासारखं येतं.
मी अंधारात, तुरीच्या कडेला उभी,
अकरा वर्षं मला ठाऊक आहे
नन्नावरेंच्या घरी वांगं कधी होतं,
राजय्याचा गुडघा कुठल्या महिन्यात दुखतो,
आणि दोघांचे चेहरे
मला माहीत नाहीत.

त्या रात्री नागरीचा सिग्नल लाल.
गाडी थांबली ती माझ्या फाटकावर आडवी.
एक मोटरसायकलवाला शिव्या देऊन झोपला टाकीवर डोकं ठेवून.
मोहाचा वास होता. एक कुत्रं होतं.
शेवटच्या डब्याचा दिवा दिसत होता
शंभर पावलांवर,
दिव्यामागचा माणूस नाही.

"राजय्या."
खरखर.
"राजय्या, सेट लाव ना बे."
खरखर.
बराच वेळ काहीच नाही,
मग अगदी हळू,
कोणाला विचारावं हे न ठरवता विचारल्यासारखं :
"लाइनवर आहे का कोणी?"

आता हे संकट होतं की नव्हतं,
हे मी कोणत्या साहेबांना विचारणार?
बटन दाबलं.
बटन दाबलं की आपल्याला ऐकू येत नाही,
एका वेळी एकच, बोला नाहीतर ऐका.
अकरा वर्षं ऐकलेलं सगळं घशाशी आलं
आणि तोंडातून निघालं ते एवढंच :
"फाटक बंद आहे."

सोडलं बटन.
खरखर. कुत्रं. खरखर.
"बाई, तुम्ही रोज ऐकता का?"
मी काही बोलले नाही.
"मंग ते वांग्याचं बी ऐकलं असन."
मी हसले. बटन न दाबता.
एवढा धीर नव्हता.

तेवढ्यात राजय्या आला, झोपेतून की पाण्याहून,
"पिवळा झाला, चला,"
आणि अठ्ठावन डब्यांची साखळी
एकेक करत ताणली गेली.
शेवटचा दिवा समोरून गेला.
कंदील हलवला मी, त्यांनीही.
आवाज पातळ होत होत
ज्वारीत परत शिरला.

मोटरसायकलवाल्याला उठवलं.
रजिस्टर काढलं :
दोन चाळीस. माल. भरलेला.
शेरा : काही नाही.

हल्ली नन्नावरे नागरीकडे जाताना
"ऑल राइट" म्हणतात, मग थोडे थांबतात,
एका माणसाला उत्तर द्यायला पुरेल इतके.
मी अजून दिलेलं नाही.
परवा वांगी केली होती.
मीठ जास्त पडलं.