प्रकटन

अकरा वर्षं मी एकच वाक्य लिहितोय.
'तांत्रिक कारणास्तव शहराचा पाणीपुरवठा
एक दिवस उशिराने होईल,
नागरिकांनी सहकार्य करावे.'
कधी तांत्रिकच्या जागी अपरिहार्य येतं,
कधी एकच्या जागी दोन.
सहकार्य बदलत नाही.

टाकळीचा पंप बसतो, सोरेगावात वीज जाते,
हायवेकडेला उजनीची लाइन कुणाचा तरी जेसीबी फोडतो,
पाणी तासन् तास शेतात उडत राहतं, पोरं आंघोळ करून घेतात,
आणि माझ्या टेबलावर येईपर्यंत
त्याचं कारण झालेलं असतं.

सकाळी बायको पेपर वाचते.
'हे तुम्हीच लिहिलंत ना?
मग काल रात्री सांगायला काय झालं होतं?'
काय सांगू तिला. प्रकटन सर्व नागरिकांसाठी असतं,
एकट्या नागरिकाला कळवायची तरतूद नाही.

मेमध्ये, पारा चव्वेचाळीसवर,
विडी घरकुलातून नरसव्वा कोडम आल्या.
पिशवीतून काढली माझीच प्रकटनं,
कापलेली, विडीच्या सुतानं बांधलेली,
पंचवीस-पंचवीसचे चार कट्टे आणि वर सहा सुटी.
'वाचता येत नाही मला.
पण हे ओळखते. आकार तोच असतो.'

मग खुर्ची ओढून बसल्या, न विचारता.
'आमच्यात हजार म्हणजे हजार, लेकरा.
नऊशे नव्वद नेली तर मास्तर घेत नाही,
वाकडी दिसली तर छाट.
पान भिजवायला पाणी लागतं.
सुकं पान वळत नाही, मोडतं.
तू लिहितोस उशिरा.
किती उशिरा?
सांग, किती पानं भिजवू?'

माझ्याकडे आवक-जावकचा शिक्का होता.
तो मारला.

त्या रात्री चावीवाल्याच्या मागे गाडीवर बसून गेलो.
मल्लिनाथ हत्तरकी, खांद्यावर त्याच्याएवढी लोखंडी चावी.
रस्त्यात झाकण उघडून वाकला,
आटे मोजू लागला कानडीत,
ओंदु, एरडु, मूरु,
बावीस आटे, एकही कमी नाही.
'तुमचं प्रकटन मी कधी वाचलं नाही ओ सायेब.
मला तर साडेबाराला फोन येतो.
पण कुठल्या गल्लीत किती वाजता पोचतं, विचारा की.
झोपेत सांगतो.'

आधी नळांनी नुसती हवा सोडली,
म्हातारा खाकरावा तशी.
मग गढूळ.
मग कुठंतरी पहिली मोटार लागली,
तिच्यामागे सगळी गल्ली,
आणि कुणी तरी अंधारातून ओरडलं,
'ए बे, पाइप काढ माझा!'
घड्याळात पाहिलं. तीन दहा.

दुसऱ्या दिवशी लिहिलं,
'विडी घरकुल, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी,
अंदाजे पंचेचाळीस मिनिटे.'
कागद साहेबांकडून परत आला, लाल रेघ मारून.
वर शेरा: वेळ लिहू नये.
तोंडी म्हणाले, 'वेळ लिहिली की लोक
ती वेळ धरून बसतात हो.'
खोटं नव्हतं त्यात काही.
मी पुन्हा जुनं वाक्य लिहिलं.
हात आपोआप वळला,
भिजलेल्या पानासारखा.

पावसाळा गेला, गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे लागले, निघाले.
काल टेबलावर कुणी तरी एक कट्टा ठेवून गेलं,
लाल सुताची गाठ.
प्रत्येक कात्रणाच्या कडेला पेन्सिलीचे आकडे,
मोठे, दाबून काढलेले,
३.१०
२.५५
३.२०
आला नाही त्या दिवशी नुसती फुली.
पंचवीस. मी मोजली.
एकही छाट करण्यासारखं नव्हतं.

कुठल्या फायलीत लावावं, कळेना.
खणात ठेवलं, डब्याशेजारी.

घरी जाताना मल्लिनाथला फोन केला,
आणि दारातच बायकोला म्हणालो,
'आज आपल्याकडे पावणेतीनला.
पिंप घासून ठेव.'
भाकरी थापत होती ती.
वर न बघता म्हणाली,
'लेखी द्या.'