हातचा एक

विल्यांदी गावात डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
हिल्ले व्हॅनमध्येच वही उघडते,
हीटर चालू, बोटांच्या रेषांत काजळी,
आणि लिहिते: पुढचं वर्ष.

धुराडी: दोनशे चाळीस.
(गेल्या वर्षीही हेच लिहिलेलं.
झाली एकशे एकोणनव्वद.
सतरा घरांनी भिंतीवर पंप बसवले,
तिघं वारले, एकाने पैसे बुडवले.)

दर: पाच युरो वाढ.
खोडलं. तीन.
परत पाच. पेन्सिलीने.

ब्रश नवा. शिडी आणखी एक वर्ष ढकलायची.
मदतीला मुलगा: राइमोला विचारणे,
उंचीची भीती आहे का, ते आधी.

मग बेरीज. खाली नऊ, हातचा एक.

हातच्याला रकाना नसतो.

तळ्याकाठच्या पिवळ्या घरात लेइदाबाई.
चूल पेटून सहा वर्षं झाली,
तरी ऑक्टोबर आला की फोन: ये, बघून जा.
हिल्ले छपरावर चढते, कोरड्या नळीत ब्रश सोडते.
काही निघत नाही.
एकदा कावळ्याचं पीस निघालं,
ते बाईंनी खिडकीत ठेवलंय.
खाली कॉफी, वेलदोड्याचा पाव,
आणि रुमालात मोजून बांधलेले पैसे.

यंदा ते घेतले तिने.
वहीत नोंद आहे, 'वसुली' खाली.

वीस मिनिटांची कॉफी, डिझेल, चढउतार:
हिशेबाने हे गिऱ्हाईक सोडायला हवं.

समासात ती लिहिते: लेइदा, ऑक्टोबर.
रक्कम लिहीत नाही.
काचेवरचं बर्फ पुसते, गाडी काढते,
बेरीज अर्धीच,
हातचा मनात धरून.