काळी चारच्या खाली

गाडी शिट्टी घालते, हे मला आधी कळलं.
ती बिघडली आहे, हे नंतर.

चवथीपासून, फर्मागुडीच्या चढणीला,
तिसऱ्या गिअरात
बॉनेटखालून एक बारीक सूर निघायचा,
काळी चारच्या किंचित खाली.
तीस वर्षं पेट्या जुळवणाऱ्या माणसाला हे 'किंचित'
दाढेत अडकलेल्या सुपारीसारखं.
(त्यात बाबुसोचा तबलाही हल्ली खालीच लागायचा.
त्यावरून म्हार्दोळला आमचं थोडं वाजलंसुद्धा.)

मग काजळीचा वास आला. मग ओढ गेली.
फोंड्याच्या गॅरेजवाल्याने आकडा सांगितला:
माझे देवळातले सहा कार्यक्रम.
कायतान म्हणाला, टर्बोचं गॅस्केट असणार,
पत्र्याची चकती, साडेतीनशे रुपये.
बाकीचे पैसे तो तुझ्या भीतीचे घेतो.

रविवारी सकाळी, इंजिन थंड असतानाच चालू करून
मी उदबत्ती पेटवली.
सुलक्षाला वाटलं, गाडीची पूजा.
भाता कुठे हवा मारतो ते मी असंच शोधतो.
धुराची सरळ रेघ
मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या मध्ये आली
आणि दचकली.
तिथे काळा फराटा होता, बोटभर,
काजळ पुसल्यासारखा.

बॅटरी सोडली. वरचा पत्रा काढला.
आमच्या ढवळीच्या हवेत लोखंड झोपेतही गंजतं.
नटांना रात्रीच तेल पाजलं होतं, तरी
पहिला कुरकुरला, दुसरा किंचाळला,
तिसरा आला निमूट,
आणि चौथा आपल्या स्टडसकट बाहेर,
मुळासकट दात यावा तसा.
सुलक्षा टॉर्च धरून उभी होती.
म्हणाली, हे असंच यायला हवं का?
मी म्हणालो, हो.
मला माहीत नव्हतं.

टर्बो हातात घेतला. नारळाएवढा, पण जड.
आतलं चाक एवढंसं.
मिनिटाला लाखभर फेरे घेणारं म्हणे,
बोटाने ढकललं तर हळूच फिरलं
आणि थांबलं,
काहीच आवाज न करता.
मी ते तीनदा फिरवलं. कामासाठी एकदाच पुरे होतं.

जुनी चकती जळालेली, फक्त नखाएवढ्या जागी.
तेवढ्यातून एवढा सूर.

जुन्या पेटीचं कडक झालेलं चामडं खरवडावं
तशी मी ती सपाटी खरवडली,
लोखंडी पट्टी आडवी धरून पाहिलं,
खालून उजेड येतो का.
नवी चकती बसवली. नट समोरासमोरचे,
ह्याला थोडं, त्याला थोडं.
एकालाच सगळं दिलं की दुसरी कड रुसते,
हे मला दोन भावांच्या घरात राहून ठाऊक आहे.
तांब्याचा एक वॉशर हरवला.
तो अबोलीच्या कुंडीमागे सापडेपर्यंत दीड वाजला,
आणि हुमण थंड झालं.

चावी फिरवली.
गाडी चालू झाली, एवढंच.
उदबत्तीचा धूर सरळ वर गेला
आणि पत्र्याला लागून पसरला.

संध्याकाळी म्हार्दोळला निघालो.
बाबुसो मागे, मांडीवर तबला, हातात हातोडी.
चढण लागली. तिसरा गिअर.
तो वाट बघत राहिला, मी आरशात पाहिलं.
"गाडयेक कितें जालां रे?"
दुरुस्त केली, म्हणालो.
"मागीर म्हज्या तबल्याक सूर कोण दितलो?"

चवथीपासून!
ह्याच वळणावर तो तबला लावत होता,
माझ्या फुटक्या गॅस्केटवर.

मी काच वर केली, घसा साफ केला
आणि त्याला काळी चार दिली,
बरोब्बर, केसभरही इकडेतिकडे नाही.
बाबुसोने शाईवर बोट मारलं, कान तिरका केला,
पुन्हा मारलं.

"चड जालो," म्हणाला.