चाळीस ग्रॅम

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीतल्या गाळ्यात
मी पाती बनवतो. एका यंत्राला आठ.
नखाच्या कातरणीएवढी, फॉस्फर ब्राँझची,
टोकाला सोन्याचा इतका पातळ हात
की सराफही म्हणेल, याला सोनं म्हणू नका.

पहिल्यातून वीज, पाचव्याला जमीन,
सातव्यावरून बोलणं.
सहावं पूर्वी कामाचं होतं, आता नुसतंच बसतं.
चौथं आणि आठवं राखून ठेवलंय,
कुणासाठी ते मलाही सांगितलेलं नाही.

पूर्व भागातल्या विडी कामगार दवाखान्यातून
यंत्र परत आलं.
चिठ्ठीवर लिहिलेलं : बाया कार्ड जोरात खुपसतात.
उघडलं. आत टॉवेलचं तूस, निळं-पिवळं,
त्यावर तंबाखूची भुकटी,
आणि तिसऱ्या पात्यावर, खोटं सांगत नाही,
शेंगाचटणीचं तेल.

दाब वाढवला. साठ ग्रॅम.
तूस हटलं, पण कार्डावर आठ ओरखडे,
सोनं जाऊन खालचं निकेल उघडं.
उतरवला, पंचवीस.
हिरवा दिवा लागेना.

रात्री आई मांडीवर सूप घेऊन बसलेली.
राजमणी येमूल, छत्तीस वर्षं, रोजच्या हजार विड्या.
ज्या अंगठ्याचा ठसा रेशनच्या यंत्राला सापडत नाही
त्याच अंगठ्यानं तिनं पातं दाबून बघितलं.
"हे नुसतं दाबतंय रे.
दाबलं तर पान फाटतं, सोडलं तर तंबाखू सांडते.
दाबत दाबत सरकायचं."
आणि सरकवून दाखवलं,
तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं.

कॉलेजात याला वायपिंग म्हणायचे.
परीक्षेत पाच मार्कांना होतं, मी लिहिलंही होतं.

पात्याच्या बुडाला बाक दिला.
आता कार्ड शेवटच्या मिलिमीटरला आलं
की आठही टेकतात, टेकता टेकता पुसतात,
मग मागची कळ दबते
आणि त्यानंतरच वीज सुटते.
चाळीस ग्रॅम.

लाख वेळा घालून-काढून बघायचं असतं.
व्यंकटेशनं भंगारातल्या मागाचा धोटा मोटरला जोडून दिला.
खट्, खट्, दोन दिवस, दोन रात्री.
एकसष्ट हजारांवर लाईट गेली,
मोजणी शून्यावर.

गाळ्यात चव्वेचाळीस डिग्री. पंखाही बंद.
दाराच्या उजेडात बसून
दवाखान्याच्या चिठ्ठीमागे उत्तर लिहिलं :
यंत्र आठवड्यानं देतो.
बायांना काही सांगू नका.