महालाचा पडदा

आजोबांनी रंगवलेला महाल
सोळा हात रुंद, जिने कुठेच न जाणारे.
चौदा सालच्या श्रावणात कृष्णा थिएटरात शिरली
तिकीट न काढता, थेट पिटातून.

उतरली तेव्हा महालाला कमरेपर्यंत गाळ.
शनिवारी खेळ. मालक म्हणाले, पुसा, जिनगर.
आजोबांनी गाळाच्या रेघेवर
चार पायऱ्या काढल्या, एक होडी बांधली.

सांगलीत तेव्हापासून प्रत्येक राजा घाटावर,
अयोध्येचा असो की लंकेचा.
नायिका झालेला अनंता गुरव
पदर सावरत पायऱ्यांशी आला की
पिटातून हमखास आरोळी:
बाई, जपून, पाणी वाढतंय!
वन्समोर त्या आरोळीला.

आता तिथे हळदीचं गोदाम.
मी पाटी रंगवायला आलोय.
भिंतीवर एकोणीसच्या पुराची रेघ.
हमाल म्हणतो, पुसून घ्या आधी.

मी ब्रश धरून उभा.