कुंद्याचा डबा

रिकामा झाला तरी मी तो टाकत नाही.
अर्ध्या किलोचा, आरपार दिसणारा,
झाकण हरवलं असलं तरी चालतं.
झाकणाच्या जागी लग्नपत्रिका:
एका अंगाला कन्नड, एका अंगाला मराठी,
जाड, सोनेरी कडेची.
पातळ पत्रिका वाकते
आणि फटीत पाय अडकतो त्याचा.
आठातला एक गेला तरी चालतो म्हणे तो.
चालत असेल.
मला बघवत नाही.

पुण्याहून मुलगा सांगतो,
फवारा मार की आई, दोन मिनिटांचं काम.
ती दोन मिनिटं मी एकदा बघितलीत.
मूठ मिटावी तसे
सगळे पाय आत ओढून घेतले त्यानं,
आणि मग केरसुणीनं लोटताना
वजनच लागलं नाही काही.

आमचे हे त्याला कोळी म्हणायचे नाहीत.
कोष्टी म्हणायचे.
आपल्यातलाच हाय, भाडं मागू नको, म्हणायचे.
मागच्या खोलीत दोन माग होते तेव्हा,
उभं वडगाव खडखडायचं,
शेजारीण हाक मारायची तर हातानं.
आता खोलीत जमिनीला बोल्टांची भोकं
आणि तेलाचा एक डाग, सोड्यानं घासला तरी तसाच.
माग किलोवर गेले.
भंगारवाल्यानं काट्यावर ठेवले
तेव्हा मी चहा करायला आत गेले होते.

त्या खोलीत आता गोकाकचा एक कंडक्टर राहतो,
बायको, आणि सिंचना, चार वर्षांची.
काल रात्री लाईट गेली
आणि ती किंचाळत आली: अज्जी, जेड!

डबा घेतला. मोबाईलची बॅटरी तिच्या हातात दिली,
हलवू नको म्हटलं, तरी उजेड हलत होता.
तेलाच्या डागाच्या बरोबर वर, भिंतीवर,
तळहाताएवढा.
मी घाई करत नाही.
आधी त्याला माझी सावली कळू देते,
मग डबा टेकवते, अलगद,
गरम भाकरीवर ताट पालथं घालावं तसा.
आत तो जरा पळतो, मग गप्प.
मग पत्रिका सरकवायची,
वधूच्या नावाकडून वराच्या नावाकडे.
त्याला कुठं वाचायचंय.

मागच्या दारी निंगव्वाची आणि आमची एकच भिंत.
ती कुणाची यावरून सहा महिने
बोलत नव्हतो आम्ही,
मग तिच्या दोडक्याचा वेल इकडं आला
आणि दोडके खाल्ल्यावर काय भांडायचं.
तिथं वेलावर डबा उलटा केला.
पडेना.
तळाला धागा चिकटवून लोंबकळत राहिला,
यळ्ळूरकडचा वारा त्याला झोके देत होता.

एन माडाकत्तीरी? पलीकडून निंगव्वा.
जेड बिडाकत्तीनी, मी.
ती हसली. जुनी माणसं आमच्यात
विणणाऱ्यालाही जेडच म्हणायची, म्हणाली.
नम्म कडे बिडरी, भाळ जागा ऐती.

झटकला असता तर तुटला असता धागा.
तीस वर्षं मी तुटलेली टोकं शोधली,
थुंकी लावून, पीळ देऊन, डोळे फुटेस्तोवर,
एकेका सुतासाठी माग थांबवून.
हा तर अजून धड आहे.
म्हणून हात पुढं धरून उभी राहिले,
खांदा भरून आला तरी.

सिंचनानं माझा पदर ओढला.
होत?

इल्ल, म्हटलं. अजून नाही.
तू उजेड धर.